नऊ वारांतले पाच

आमच्या घरातल्या बाईला दोन लुगडी असत. एक गेल्या दिवाळीचं, एक यंदाच्या दिवाळीचं. तिसरं असलंच तर ते लुगडं म्हणायच्या लायकीचं नसे. त्याची गोधडी व्हायची तेवढी राहिलेली असे. उन्हाळ्यात याचं काही वाटत नसे. पण आमचं गाव मळवलीच्या स्टेशनापासून कोसभर आत, डोंगराच्या पोटात. तिथे आषाढ-श्रावणात ऊन म्हणून दिसत नाही. धुतलेलं लुगडं चार-चार दिवस वाळत नसे आणि अंगावरचं रोज चिखलात भिजत असे. माझी आय लावणीवरून आली की पडवीत अंगाला पोतं गुंडाळून उभी राही, ओलं लुगडं पिळी आणि आगटीसमोर त्याचं एक टोक धरून बसे. अर्धं जरा ऊबदार झालं की तेवढं नेसायचं, उरलेलं अर्धं विस्तवाकडे पसरून ठेवायचं आणि तशाच अवस्थेत भाकरी थापायला घ्यायच्या. पावसाळाभर घरातल्या सगळ्या बायांच्या कपड्यांना धुराचा वास येई. बायांच्या अंगाला असाच वास असतो, असं मला लहानपणी वाटे. ताटात नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं असे. आंबेमोहोर आम्ही पिकवत होतो, पण तो बाजारात जाई.

कापड आणायचं काम माझ्या थोरल्या चुलत्यांचं, म्हणजे आबांचं. दिवाळीच्या आधीच्या बाजाराला ते लोणावळ्याला जात आणि एकाच दुकानातून, एकाच रंगाची तीन लुगडी आणत: एक थोरलीला, म्हणजे माझ्या चुलतीला, एक आयला आणि एक चुलतभावाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला. रंग ठरलेला, डाळिंबीच्या जवळ जाणारा गडद तांबडा. मळखाऊ. चिखल लागला तरी दिसू नये असा. "एका ताग्याचं आणलं की घरात तोंडं वाकडी हुत न्हाईत," असं आबा म्हणत, आणि खोटं सांगत नाही, त्यांच्या मनात तो न्यायच होता. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. बाईला कोणता रंग आवडतो हे विचारायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या बायांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

तरी सांगते, त्या तिघी एकसारख्या कधी दिसल्या नाहीत. मी बांधावर उभी असे आणि खाली खाचरात तीन तांबडे ठिपके वाकलेले असत, पण कोणती कोण हे मी डोळे बारीक न करता सांगत असे. थोरलीचा काष्टा उंच, पोटऱ्या उघड्या, पदर कमरेला करकचून आवळलेला. तिला कामात कशाची अडचण खपत नसे. वहिनी नवी होती. ती काठ खाली सरळ रेषेत यावा म्हणून चिखलातसुद्धा खाली बघून निऱ्या सारखी करायची आणि थोरलीची बोलणी खायची. आणि माझी आय पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन डाव्या कुशीत खोवायची, पण खोवताना काठ दोन बोटं उलटून बाहेर ठेवायची. बस, दोनच बोटं. ते ती कशासाठी करते असं मी एकदा विचारलं. "तसं बरं वाटतं," म्हणाली. आज माझी नातसून कपाट उघडून उभी राहते आणि "आजी, मला घालायला काहीच नाही" म्हणते, तेव्हा मी हसत नाही. तिचंही खरं असेल. पण मला ती दोन बोटं आठवतात.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एका दिवाळीला आबा मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळले. माझे वडील, बापू, रेल्वेत सांधे बदलायच्या कामावर होते. त्यांना रजा नव्हती. शेवटी थोरली आणि आय अशा दोघीच लोणावळ्याला गेल्या आणि मला बरोबर नेलं. दुकानात थोरलीने बसायच्या आधीच सांगितलं, "आबांच्या घरचं. नेहमीचं द्या, तीन." दुकानदाराने तांबडी लुगडी काढली. आय फळीवर बघत होती. तिथे एक आकाशी लुगडं घडी करून ठेवलेलं होतं, बारीक तांबडा काठ, पदराला तीन पट्टे. आयने बोट केलं.

"त्ये काढा जरा."

"मावशी, ते बंगल्यातल्या बायकांसाठी," दुकानदार म्हणाला. "शेतात चार दिवस टिकायचं नाही तो रंग."

"शेतात न्यायचंच न्हाई त्ये."

थोरलीने तिच्याकडे वळून बघितलं. "अगं ए, मंग काय देव्हाऱ्यात ठेवती का?"

"ठेवीन."

"आन् तांबडं?"

"यंदा दोनच घ्या, आक्का. मला ह्ये. जुन्यावर काढीन म्या वरीस."

परत येताना गाडीत थोरली तिच्याकडे पाठ करून बसली. घरी आबांनी ते लुगडं बघितलं. तापातून उठलेलं माणूस, आवाज खोल गेलेला, पण ते म्हणाले तेवढं सगळ्यांना ऐकू आलं. "एकीचं येगळं झालं की घर येगळं झालं." आयने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती आबांसमोर कधी बोलत नसे. दीर आणि भावजय यांच्यात तशी रीतच नव्हती. त्या वर्षी तिने एकाच जुन्या लुगड्यावर सगळा पावसाळा काढला. आकाशी लुगडं ती नेसली ती एकूण तीनदा, तिन्ही वेळा कार्ल्याच्या जत्रेला. बाकी ते पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात असे. दुपारी घरात कुणी नसलं की ती पेटी उघडायची, वरचा पदर थोडा बाहेर काढायची आणि परत ठेवायची. तिने आयुष्यात स्वतः होऊन निवडलेली वस्तू एवढीच. नवरासुद्धा तिने निवडलेला नव्हता. चांगला निघाला, हे तिचं नशीब.

मी शिकले ती बापूंच्या हट्टाने. ते बोलायचे कमी, पण स्टेशनमास्तरच्या मुली शिकताना रोज बघत होते. लोणावळ्याच्या शाळेत मी कधी गाडीने, कधी रुळाच्या कडेने चालत जात असे. आबांनी अडवलं नाही, कारण मी परकर-पोलक्यात होते. आमच्याकडे परकर म्हणजे लेकरू. लेकराने कुठेही जावं. मॅट्रिकला बसले तेव्हाही मी परकरातच होते, वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, आणि परकर घोट्याच्या वर चाललेला. आमच्या शाळेच्या बाई बिनकाष्ट्याचं गोल पातळ नेसत. फळ्यावर लिहिताना त्यांचा पदर खांद्यावर कसा राहतो, सुटत कसा नाही, हे मी गणितापेक्षा जास्त लक्ष देऊन बघितलं असेल. मी पास झाले तेव्हा त्याच बाईंनी कॉलेजसाठी पुण्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात माझी फुकट राहायची सोय लावून दिली. तिथून पत्र आलं, आणि पत्रासोबत काय-काय आणायचं याची यादी: सतरंजी, तांब्या-भांडं, दोन पोलकी, आणि एक तरी पाचवारी पातळ. परकर चालणार नाही, असं खाली वेगळं लिहिलेलं होतं.

बापूंनी पडवीत ती यादी मोठ्याने वाचली. आबा सुपारी कातरत होते.

"पातळ म्हंजी गोल? त्या बंगल्यातल्या बाया नेसत्यात तसलं?"

"व्हय," बापू म्हणाले.

"मंग न्हाई." अडकित्ता चालूच होता. "परकरात हाय तवर लेकरू, कुटं बी जाऊ दे. एकदा नेसली की बाई झाली, आन् आपल्या घरातली बाई काष्टा घालती. घरात एक ताग्याचं कापड येतं. तिच्यापुरतं गोल पातळ म्या आणायचा न्हाई."

आणायचं म्हटलं तरी मिळणार कुठून? ते लढाईचे दिवस. कापड कंट्रोलवर गेलेलं. दुकानात फळ्या रिकाम्या, कार्डावर जे मिळेल ते जाडंभरडं, आणि आमचा वाटा दिवाळीलाच संपलेला. म्हणजे आबा हो म्हणाले असते तरी अडचण होतीच; पण ते नाही म्हणाले होते, त्यामुळे कापडाचा विषय कुणी काढलाच नाही. कॉलेज उघडलं. मी घरात. पाऊस लागला, लावणी सुरू झाली, मी परकर खोचून खाचरात उतरले. आठ दिवस गेले. वसतिगृहातून दुसरं पत्र आलं: शनिवारपर्यंत आली नाही तर जागा दुसरीला देऊ. मी रडले नाही. माझ्या मनात एकच होतं, हातातली रोपाची मूठ संपेपर्यंत वर बघायचं नाही. ती संपली की दुसरी मूठ.

ते पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारची भाकरी झाल्यावर आयने पेटी ओढून पडवीत आणली. भर दिवसा, सगळ्यांसमोर. आबा ओटीवर सुपारी कातरत टेकले होते. तिने आकाशी लुगडं काढलं, कडुनिंबाचा वाळका पाला झटकला आणि पदराच्या टोकापासून कोपर ते बोट, कोपर ते बोट असं हाताने मोजायला लागली. पाच वार म्हणजे दहा हात, एवढं तिला ठाऊक होतं. पाचवारी पातळ तिने हातात घेऊन कधी बघितलेलं नव्हतं. दहा हातांवर तिने कोळशाची खूण केली आणि विळा घेतला.

"काय करतीयास?" थोरली चुलीपुढून उठूनच आली. "सवाष्ण हायेस तू. कोरं लुगडं कापत्यात व्हय कुटं?"

"कोरं न्हाई त्ये, आक्का. तीनदा नेसलंय."

"आगं, पण पदर तिकडंच चाललाय की! पदर पोरीला दिलास, तर तुला काय ऱ्हायलं? बिनपदराची बाई फिरणार का तू गावात?"

आय थोरलीकडे बघून बोलली, पण आवाज तिने ओटीपर्यंत जाईल एवढा ठेवला. सगळ्या जन्मात आबांनी ऐकावं म्हणून ती बोलली ती एवढीच वाक्यं. "माझ्या तांबड्याचा पदर धड हाय अजून, मदीच फाटलंय. त्येला ह्ये उरलेलं जोडीन, नऊ वार भरतील. आबांनी कापड आणायचं न्हाई म्हणलं, बरूबर हाय. आणलंच न्हाई कुणी. ह्ये माझं हाय."

ओटीवर अडकित्ता थांबला. थोरली खाली बसली, लुगड्याचं दुसरं टोक दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "एकटीनं वाकडं फाटंल. वढ." विळ्याने काठ तुटला आणि दोघींनी मिळून कापड फाडलं. तो आवाज मला अजून येतो. चांगलं विणलेलं सुती कापड फाटताना ओरडतं.

जुन्या लुगड्याचा फाटका मध्य काढून दोन धड भाग जोडणं याला आमच्याकडे दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं त्या काळी घरोघर असे, त्यात लाज नव्हती. पण दोन्ही भाग मिळतेजुळते बघून घेत आणि जोड निऱ्यांत लपवत. आयच्या लुगड्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पदराकडचा अर्धा विटलेला तांबडा, खालचा अर्धा नवाकोरा आकाशी. दोघी जावांनी गोधडीच्या दोऱ्याने संध्याकाळपर्यंत जोड घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आय तेच नेसून लावणीला गेली, कारण दुसरं वाळलेलं नव्हतं.

लुगड्याचा खालचा भाग काष्ट्यात आणि निऱ्यांत जातो. म्हणजे गुडघ्यापासून कमरेपर्यंत सगळं आकाशी. शेतात न्यायचंच न्हाई, असं जे ती दुकानात म्हणाली होती, तेच कापड खाचरात उतरलं. मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. पहिली मूठ लावून होईपर्यंत ते गुडघ्याशी तांबूस झालं. दुपारपर्यंत कमरेखाली रंग असा राहिलाच नव्हता. मागे काष्ट्याच्या दुमडीत तेवढं एक निळं बोट दिसत होतं. वरचा विटका पदर तिने नेहमीसारखा कुशीत खोवला होता, काठाची दोन बोटं बाहेर ठेवून. आबा नांगर धरून पलीकडच्या खाचरात चिखलणी करत होते. प्रत्येक फेरीला ते आमच्या बांधाशी येत आणि वळत. एका फेरीला त्यांनी बैल थांबवले. वाकलेल्या तीन बायांकडे बघत ते पावसात उभे राहिले. तिघींत एकीच्या काष्ट्यात निळं होतं, हे त्यांना दिसत होतंच. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी बैलांना हाक दिली आणि वळले.

रात्रीच्या जेवणात ते म्हणाले, कुणाकडेही न बघता, "शनवारी पोरीसंगट पुण्याला कोण जातंय?"

"मी जाईन," बापू म्हणाले.

"घोंगडी घे तिला. पुण्याला बी पाऊस आसल." आणि मग ताटात हात धुताना, "आन् नेसून बघितलं का तिनं त्ये? का तितं जाऊन पडंल पाय अडकून?"

त्या रात्री घरात पहिल्यांदा मला कुणी नेसवलं. कुणालाच गोल नेसवता येत नव्हतं. थोरलीने तीनदा निऱ्या घातल्या आणि तीनदा सुटल्या. "ह्ये न्हेसणं हाय का गुंडाळणं?" असं म्हणून ती हसली, आणि वहिनी तोंडावर पदर धरून हसली. आय हसली नाही. ती माझ्याभोवती फिरून काठ खाली सरळ येतो का ते बघत होती.

पुण्याला गेल्यावर कळलं, पातळ हातभर अपुरं आहे. आयचा हात आखूड, मी तिच्याहून उंच, आणि दहा हात तिने तिच्या हातांनी मोजलेले. निऱ्या नीट घातल्या तर पदर खांद्यावरून जेमतेम उतरायचा आणि तिथेच संपायचा. मी हिशेब बसवला: निऱ्या तीनच घालायच्या, म्हणजे पदर पाठीवर येतो. खोलीतली एक मुलगी, वकिलाची लेक, मला म्हणाली, "अगं, तीन निऱ्यांत चालता तरी येतं का तुला?"

"आमच्या डोंगरात चालणारीला तीन पुरतात," मी म्हणाले.

ती माझी ऐट आहे असं मुलींना वाटलं, आणि पुढच्या वर्षी दोघी-तिघी तशा नेसायला लागल्या. मी खुलासा केला नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा मात्र आयला सांगून बसले, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ती आपला हात पुढे धरून बराच वेळ बघत राहिली. "म्या जास्ती ठिवलं मला," म्हणाली. किती समजावलं तरी ते तिच्या मनातून गेलं नाही.

त्याच दिवाळीला आबांनी बाजाराला निघताना उंबऱ्यात उभं राहून विचारलं, "कुणाला कंचा रंग आणायचा?" तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी थोरली म्हणाली, "तुमी आणाल त्यो." विचारायची सवय नसते तशी सांगायचीही नसते. तांबडीच आली. पण पुढच्या वर्षी वहिनीने दाराआडून "हिरवं" असा एकच शब्द टाकला, आणि हिरवं आलं. घर काही वेगळं झालं नाही.

चार वर्षं मी ते आकाशी पातळ आणि नंतर मिळालेलं एक पांढरं, अशा दोनांवर काढली. शेवटचा निकाल लागला तेव्हा बापू आणि आय पुण्याला आले, आणि आम्ही फोटो काढायला गेलो. पदवीचा काळा झगा फोटोवाल्याकडेच होता. झग्याच्या आत मी आकाशी नेसले होते, तीन निऱ्यांचं. आयला बापूंनी नवं लुगडं घेतलेलं होतं, पण ती दंडाचंच नेसून आली. खालचा भाग चार पावसाळ्यांनी मातकट झालेला, शिवण दोनदा उसवून परत घातलेली. "त्ये दोनी एकदा संगट येऊ द्यात," एवढंच म्हणाली.

फोटो आता माझ्या टेबलावर आहे. तो काळा-पांढरा. माझं पातळ आणि तिच्या निऱ्या एकाच कापडाच्या आहेत हे त्यात दिसत नाही, कुणाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही. म्हणून हे प्रकरण लिहिलं. तिने कुशीत खोवलेल्या पदराची काठाची दोन बोटं मात्र नीट दिसतात.

मी बी. ए. झाले. दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं, आणि आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी.